एनएमएमएसचा पेपर झाला, निकाल यायचाय, तोवर काय काय करून ठेवायचं

लेकरानं आठवीत एनएमएमएसचा, म्हणजे केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा, पेपर दिला असेल तर आता घरी रोज एकच प्रश्न, निकाल कधी. याचं उत्तर ना मास्तरजवळ असते ना सेतूवाल्या भाऊजवळ, पुण्याची परीक्षा परिषद ज्या दिवशी वेबसाइटवर टाकेल तो दिवस खरा. व्हॉट्सअ‍ॅपवर "उद्या निकाल" असे मेसेज फिरत राहतात, ते सोडून द्या.

हे लिहायला बसलो त्याचं कारण वेगळं आहे. आपल्याकडं यवतमाळ घ्या, वाशिम घ्या की गडचिरोली घ्या, पोट्टे परीक्षा काढतात पण पैसे खात्यात पोचत नाहीत, आणि बहुतेक वेळा कारण निघते ते आधारवर नाव एक अन शाळेत दुसरं, नाहीतर खातं बंद पडलेलं, नाहीतर नववीला शाळाच अशी घेतली की तिथं ही शिष्यवृत्ती चालत नाही. म्हणून निकालाची वाट पाहायचे हे महिने म्हणजेच कागदं सरळ करायचे महिने आहेत, निकाल लागल्यावर पळापळ करायची म्हटलं तर पेरणीचे दिवस येतात, तहसीलमध्ये अ‍ॅडमिशनवाल्यांची गर्दी असते आणि बापाला वावर सोडून यायला फुरसत नसते.

आधी हे समजून घ्या की ही परीक्षा कोणती

गावात तीन परीक्षांची खिचडी होते. एक नवोदय, ती शाळेत प्रवेशाची. दुसरी ज्याला आपण नुसतं "स्कॉलरशिप" म्हणतो ती राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा. आणि तिसरी ही एनएमएमएस, म्हणजे राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थी शिष्यवृत्ती, ही केंद्र सरकारची योजना २००८ पासून चालू आहे. महाराष्ट्रात शेवटच्या दोन्ही परीक्षा परीक्षा परिषदच घेते म्हणून गोंधळ जास्त होतो, त्यामुळं वेबसाइटवर निकाल पाहताना आपण कोणत्या परीक्षेच्या पानावर आहो ते एकदा वर वाचून घ्या.

एनएमएमएसमध्ये निवड झाली तर महिन्याला १,००० म्हणजे वर्षाला १२,००० रुपये, नववी ते बारावी चार वर्षं. सगळे मिळून ४८,००० होतात. आधी महिन्याला ५०० होते, २०१७ पासून १,००० झाले. देशभरात वर्षाला १ लाख पोरांना मिळते, त्यातले महाराष्ट्राच्या वाट्याला ११,६८२. आणि परीक्षेला राज्यातून दोन लाखांच्या वर पोरं बसतात, हे डोक्यात ठेवा म्हणजे पुढचं समजेल.

पायरी पहिली: घरीच मार्कांचा अंदाज काढा

पेपर दोन असतात. बौद्धिक क्षमता चाचणी ९० प्रश्न आणि शालेय क्षमता चाचणी ९० प्रश्न, दोन्हीला ९० मिनिटं. शालेयमध्ये विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५, गणित २०. चुकलं म्हणून मार्क कापत नाहीत. पेपर झाल्यावर काही दिवसांनी परिषद अंतरिम उत्तरसूची टाकते, ती डाउनलोड करा आणि लेकरासोबत बसून शांतपणे जुळवा. लेकराला आठवतच नसेल काय लिहिलं ते तर जबरदस्ती नका करू, रडवून काही मार्क वाढत नाहीत.

परिषदेचं एखादं उत्तर चुकलं असं वाटलं तर त्यावर आक्षेप घेता येतो, त्याला ठरावीक मुदत असते, ऑनलाइनच करावा लागतो, आणि "आमच्या सरांनी सांगितलं" हा पुरावा चालत नाही, पाठ्यपुस्तकाचं पान दाखवा. नंतर अंतिम उत्तरसूची येते, ती आली की मग काही बदलत नाही. कधीकधी एखादा प्रश्नच रद्द होतो, त्यामुळं तुमच्या अंदाजात एकदोन मार्क इकडंतिकडं होतील.

पास व्हायला दोन्ही पेपर मिळून ४० टक्के लागतात म्हणजे १८० पैकी ७२. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग पोरांना ३२ टक्के, म्हणजे ५८ धरून चाला. आता इथंच बहुतेक लोक फसतात. ७२ आले म्हणजे शिष्यवृत्ती लागली असं नाही.

पायरी दुसरी: निकाल एकदाच येत नाही

आधी येते गुणयादी. त्यात तुमच्या लेकराला किती मार्क पडले ते दिसते. गावात याच दिवशी पेढे वाटून होतात, शाळेच्या ग्रुपवर फोटो येतो, सरपंच अभिनंदन करतात. वाटा पेढे, लेकरानं मेहनत केली आहे, पण मनात ठेवा की खरी यादी पुढं आहे.

गुणयादीसोबत नाव, जन्मतारीख, जात असलं काही चुकलं असेल तर ते दुरुस्त करायला मुदत देतात. ही दुरुस्ती शाळेच्या लॉगिनमधून होते, तुमच्या मोबाइलवरून नाही. इथं प्रवर्ग नीट पाहा. फॉर्म भरताना क्लार्कनं चुकून प्रवर्ग दुसराच टाकला असेल तर पोरगं चुकीच्या रांगेत उभं राहते अन मार्क असूनही मागं पडते. म्हणून गुणयादी आल्याच्या दिवशी टक्के बघण्याआधी प्रवर्गाचा रकाना बघा, आणि चूक दिसली की त्याच दिवशी मुख्याध्यापकांना भेटा, फोनवर सांगून मोकळे होऊ नका, लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

त्यानंतर येते निवडयादी. ही जिल्ह्यानुसार आणि प्रवर्गानुसार लागते, म्हणजे तुमच्या पोराची स्पर्धा पुण्यामुंबईच्या पोरांसोबत नसते, आपल्याच जिल्ह्यातल्या आपल्याच प्रवर्गातल्या पोरांसोबत असते. एका जिल्ह्यात ज्या मार्कांवर नाव लागलं त्याच मार्कांवर शेजारच्या जिल्ह्यात राहून जाते, त्यामुळं अमरावतीच्या आतेभावाला इतक्यावर मिळाली मग आपल्याला काहून नाही, असं भांडत बसण्यात अर्थ नाही. मागच्या वर्षी आपल्या जिल्ह्यात आपल्या प्रवर्गाची यादी कितीवर थांबली होती ते शाळेत विचारा, बहुतेक सरांजवळ जुनी यादी असते, तोच तुमचा खरा अंदाज.

गुणयादी आणि निवडयादी यांच्यामध्ये वेळ जातो. तोवर प्रवेशपत्र सांभाळून ठेवा. घरी भिंतीला टांगलेल्या पिशवीत नको, पावसाळ्यात कवेलूतून पाणी गळते. मोबाइलमध्ये फोटो काढा आणि शाळेतल्या सरांनाही एक पाठवून ठेवा.

आणि हो, आठवीची वार्षिक परीक्षा. एनएमएमएस झाली म्हणून पोट्टे एप्रिलपर्यंत मोकळे सुटतात. या परीक्षेला बसायला सातवीत ५५ टक्के लागत होते, तसेच शिष्यवृत्ती हातात पडायला आठवीतही ५५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातीला ५०. आणि आठवीला आता वार्षिक परीक्षेत पास व्हावंच लागते, ढकलून पुढं पाठवायचे दिवस गेले. म्हणजे वाट पाहता पाहता अभ्यास सुटला तर लागलेली शिष्यवृत्तीही हातची जाईल.

पायरी तिसरी: नाव, नाव आणि नाव

पुढं फॉर्म भरायचा आहे तो राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, ज्याला सगळे एनएसपी म्हणतात. ते पोर्टल आधारवरचं नाव उचलते. परीक्षेच्या यादीत नाव शाळेनं भरलेलं असते. आणि पैसे जातात बँकेत. हे तिन्ही ठिकाणी लेकरू एकच आहे हे कॉम्प्युटरला कळलं पाहिजे, त्याला काही तुमचं तोंड ओळखीचं नाही.

आपल्याकडं नावाचे घोळ ठरलेले आहेत. शाळेत आडनाव आधी, आधारवर शेवटी. बापाच्या नावाला एका जागी राव लावलेला, दुसरीकडं भाऊ, तिसरीकडं काहीच नाही. ज्ञानेश्वर इंग्रजीत लिहायचं म्हटलं की कोणी डीपासून सुरू करते, कोणी जीपासून. पोरीचं घरातलं नाव आधारवर चढलेलं आणि शाळेत पाळण्यातलं. आज रात्री जेवण झालं की आधार कार्ड, शाळेचा बोनाफाइड, पासबुक आणि एनएमएमएसचं प्रवेशपत्र चारही समोर मांडा, एकेक अक्षर जुळवा, इंग्रजी स्पेलिंगसकट. जन्मतारीख पण.

फरक निघाला तर कुठं दुरुस्त करायचं? माझं मत असं की शाळेच्या रजिस्टरमधलं नाव बरोबर असेल तर आधार बदला, कारण दहावीची मार्कशीट शाळेच्या नावावरूनच निघणार आहे आणि तीच पुढं जन्मभर चालते. आधारवर नाव दोनदाच बदलता येते आणि जन्मतारीख एकदाच, त्यामुळं सेंटरवर बसलेल्या पोराच्या भरवशावर सोडू नका, त्यानं टाइप केलेलं स्क्रीनवर स्वतः वाचा, वाचता येत नसेल तर लेकरालाच वाचायला लावा. सोबत ग्रामपंचायतीचा जन्मदाखला न्या.

आणि चूक शाळेच्या रजिस्टरातच असेल तर ती टीसी घेण्याच्या आधी दुरुस्त करून घ्या. लेकरू शाळेत शिकत आहे तोवर मुख्याध्यापकांमार्फत प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडं जातो आणि मंजुरी येते, शाळा सोडल्यावर तीच गोष्ट महाकठीण होते. आपल्या बऱ्याच गावांत जिल्हा परिषदेची शाळा सातवी नाहीतर आठवीपर्यंतच असते, नववीला दुसरीकडं जावंच लागते, म्हणजे तुमच्याजवळ वेळ उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंतचाच आहे.

आधारसोबत मोबाइल नंबर कोणता जोडलाय तेही बघा. पुष्कळदा तो पुण्याला कंपनीत गेलेल्या काकाचा असतो, किंवा बापाचं जुनं सिम जे रिचार्ज न केल्यामुळं कधीच बंद पडलं. ओटीपी त्या नंबरवर जातो अन तुम्ही सेतूमध्ये बसून राहता. घरातला जो नंबर कायम चालू राहील तोच टाका.

बँकेचं खातं

खातं लेकराच्या स्वतःच्या नावानं पाहिजे. आईच्या खात्यावर चालत नाही, बापाच्या तर नाहीच. कोणत्याही राष्ट्रीयीकृत बँकेत, ग्रामीण बँकेत किंवा पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत काढा, जी गावाजवळ आहे आणि जिथं माणूस बोलते तिथं काढा. ज्यांची खाती विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत होती त्यांनी ध्यानात घ्या, ती बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे, तेव्हा पासबुक एकदा नवीन करून आणा आणि खातं चालू आहे ना ते विचारून या.

बँकेत गेले की "आधार लिंक आहे का" एवढंच विचारून परत येऊ नका, कारण तो साहेब हो म्हणेल आणि ते खरंही असेल. सरकारी पैसा आधार नंबरवरून येतो, आणि एका आधारचं एकच खातं त्यासाठी धरलेलं असते. लेकराची दोन खाती असतील, एक पहिलीत असताना गणवेशासाठी काढलेलं आणि एक आता नवीन, तर पैसा शेवटी ज्या खात्याला सीडिंग झालं, म्हणजे सरकारी पैशासाठी आधार जोडला गेला, तिकडं जाईल. म्हणून बँकेत सांगायचं की आधार सीडिंग डीबीटीसाठी (सरकारी पैसा थेट खात्यात येण्यासाठी) याच खात्याला करून द्या, त्याचा फॉर्म भरून द्यायचा, आणि आठदहा दिवसांनी आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटस बघायचं, तिथं बँकेचं नाव आणि अ‍ॅक्टिव्ह असं दिसलं म्हणजे काम झालं. दिसलं नाही तर परत जा, लाजू नका.

दोन वर्षं खात्यात काहीच व्यवहार झाला नाही तर बँक ते निष्क्रिय करून टाकते. अधूनमधून शंभर रुपये टाका, काढा.

उत्पन्नाचा दाखला अन जातीचा कागद

आईबापाचं मिळून वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे. कास्तकाराच्या घरी, मजुराच्या घरी हे बसतेच, पण कागद तहसीलदाराचाच लागतो. दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, म्हणून जुना दाखला घेऊन बसू नका, एप्रिल लागला की नवीन काढायला टाका. पटवाऱ्याचा अहवाल, रेशन कार्ड, आधार, सातबारा असेल तर तो, एवढं घेऊन सेतूत नाहीतर महा ई-सेवा केंद्रात जा. मुदत कागदावर १५ दिवसांची आहे पण जूनमध्ये सगळं गाव तिथंच लोटते, एप्रिल-मेमध्ये निवांत होते. पावती जपून ठेवा. आणि केंद्रावर रेट बोर्ड लावलेला असते त्यापेक्षा जास्त मागत असतील तर पावतीवर तेवढेच लिहून द्या म्हणा, बहुतेक वेळा तिथंच आवाज खाली येतो.

जातीचा दाखला आधीच असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर हे काम लांबते, कारण जुना पुरावा लागतो, अनुसूचित जातीला १९५० आधीचा, विमुक्त-भटक्यांना १९६१ आधीचा, ओबीसीला १९६७ आधीचा. आपल्या विदर्भात यासाठी कोतवाल बुकाची नक्कल कामी येते, आजोबा-पणजोबाच्या जन्ममृत्यूची नोंद त्यात जातीसकट सापडते, आणि आजोबा शाळेत गेले असतील तर त्या शाळेचा दाखलखारीज (प्रवेशाच्या रजिस्टरचा) उतारा. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज टाकावा लागतो. घरातल्या बुढ्याला जवळ बसवून आधी मूळ गाव कोणतं, नाव काय लावत होते ते लिहून घ्या, नाहीतर रेकॉर्डवाला विचारते अन तुम्ही एकमेकांच्या तोंडाकडं पाहता.

पायरी चौथी: नववीला शाळा कोणती घेता यावर सगळं आहे

हे कोणी सांगत नाही म्हणून जरा थांबून वाचा. ही शिष्यवृत्ती सरकारी, नगरपालिका-जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळेतल्या पोरांसाठीच आहे. विनाअनुदानित शाळेत गेलं, स्वयंअर्थसहाय्यित इंग्लिश मीडियममध्ये गेलं, केंद्रीय विद्यालय, नवोदय, सैनिकी शाळा यात गेलं की बंद. जिथं सरकारच राहणं-जेवण-शिक्षण सगळं देते त्या निवासी शाळा, शासकीय वसतिगृह यांचा लाभ घेणारी पोरंही यात बसत नाहीत. मेळघाटात, गडचिरोलीत, पांढरकवड्याकडं आश्रमशाळेत जाणारी पोरं भरपूर आहेत, त्यांच्या पालकांनी हे मुद्दाम विचारून घ्यावं.

आता याचा अर्थ असा काढू नका की १२ हजारांसाठी नवोदय सोडा. नववीत नवोदयला लागत असेल तर डोळे झाकून पाठवा, तिथलं राहणं-खाणं-शिकणं याची किंमत १२ हजारांच्या कितीतरी वर आहे. तसंच गावापासून हायस्कूल दूर आहे, एसटी वेळेवर येत नाही, पोरीला रोज जाणं-येणं जमत नाही अशा घरी वसतिगृह मिळत असेल तर ते घ्या, शिष्यवृत्ती गेली तर गेली. पण नुसतं टाय-बूट पाहून तालुक्याच्या विनाअनुदानित शाळेत नाव टाकणार असाल तर फी पण भरा आणि ४८ हजारांवर पाणी पण सोडा, हा हिशेब आधी करा. शाळेत जाऊन सरळ विचारा, नववीची ही तुकडी अनुदानित आहे का. एकाच संस्थेच्या एकाच इमारतीत एक तुकडी अनुदानित आणि दुसरी विनाअनुदानित असते, म्हणून तुकडीचं नाव घेऊन विचारायचं.

नवीन शाळेत टीसी देतानाच सांगून ठेवा की आमच्या लेकरानं एनएमएमएस दिली आहे, आणि प्रवेशपत्राची, गुणपत्रकाची झेरॉक्स क्लार्कजवळ द्या. नाहीतर होते असं की निवडयादी जुन्या शाळेच्या नावानं लागते, जुन्या शाळेला वाटते पोरगं गेलं आपलं काम संपलं, नव्या शाळेला माहीतच नसते आपल्याकडं असं कोणी आहे, आणि फॉर्मची तारीख निघून जाते. जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींना पण विनंती, यादी आली की नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांना एक फोन करा.

पायरी पाचवी: निवडयादीत नाव आलं

आता एनएसपी. साधारण शाळा सुरू झाल्यावर पोर्टल उघडते, तारखा दरवर्षी बदलतात, शाळेत विचारत राहा. आधी ओटीआर (एकदाच होणाऱ्या नोंदणीचा नंबर) काढायचा, हा १४ अंकी नंबर असतो आणि पुढं कॉलेजपर्यंत हाच चालतो, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. यात मोबाइलसमोर चेहरा दाखवून आधारची ओळख पटवावी लागते, त्यासाठी आधार फेस आरडी नावाचं अ‍ॅप लागते. उजेडात बसवा, टोपी-दुपट्टा काढा, आणि गावात रेंज नसेल तर तालुक्याला जाऊन करा. लेकराचं पाच वर्षांनंतरचं बायोमेट्रिक अपडेट झालंच नसेल तर इथं अडकते, बाळपणीच्या फोटोशी आठवी पास पोराचा चेहरा कसा जुळेल सांगा. अपडेट आधीच करून घ्या.

ओटीआर झाला की फ्रेश म्हणजे पहिल्यांदाचा अर्ज भरायचा. शाळा निवडताना यूडायस कोड (शाळेचा सरकारी नंबर) टाका, नावावरून शोधू नका, एकाच नावाची विद्यालयं ढिगानं आहेत. यादीत शाळा दिसतच नसेल तर शाळेनं पोर्टलवर नोंदणी केलेली नाही, ते काम शाळेचं आहे, मागं लागा. नववीत फ्रेश अर्ज राहिला तर पुढं दहावीत पहिल्यांदा भरतो म्हणून चालत नाही, चारही वर्षांचं जाते. त्यामुळं शेवटच्या तारखेची वाट पाहू नका, शेवटच्या दिवशी सर्व्हर रांगतो.

अर्ज सबमिट केला म्हणजे संपलं असं नाही. आधी शाळा तपासते, मग जिल्हा स्तरावर शिक्षण विभाग तपासतो. शाळेनं तपासणीचं बटण दाबलंच नाही तर तुमचा अर्ज तिथंच मरतो. म्हणून दर आठवड्याला लॉगिन करून स्टेटस बघा, "डिफेक्ट" असं दिसलं तर अर्ज दुरुस्तीला परत आलाय, काय चुकलं ते तिथंच लिहिलेलं असते, मुदतीत नीट करून पुन्हा पाठवा. क्लार्क साहेबांना आठवण करायला लाजायचं नाही, गोड बोलून करायची, त्यांच्याकडं पगाराच्या शालार्थ पोर्टलपासून पोषण आहारापर्यंत सगळंच असते.

पैसे मग थेट खात्यात येतात. लगेच येत नाहीत. आठवीत डिसेंबरात पेपर, नववीत फॉर्म, तपासण्या, म्हणजे पेपरपासून वर्ष-सव्वा वर्ष सहज जाते. या पैशाच्या भरवशावर सायकल उधारीत घेऊ नका.

पायरी सहावी: पास आहे पण निवडयादीत नाव नाही

इथं बहुतेक पालक कागद गुंडाळून ठेवतात, आणि आपल्या भागातलं सगळ्यात मोठं नुकसान इथंच होते. मराठा, कुणबी, मराठा-कुणबी, कुणबी-मराठा या चार गटांतलं पोरगं एनएमएमएस पास झालं पण केंद्राच्या यादीत बसलं नाही तर पुण्याची सारथी संस्था शिष्यवृत्ती देते, छत्रपती राजाराम महाराज सारथी शिष्यवृत्ती. महिन्याला ८०० म्हणजे वर्षाला ९,६००, नववी ते बारावी. वऱ्हाडात, नागपूर-वर्ध्याकडं कुणबी घरं किती आहेत ते सांगायची गरज नाही, तरी कित्येकांना ही माहीतच नसते, त्यांना वाटते सारथी म्हणजे फक्त कॉलेजवाल्यांसाठी. निवडयादीत नाव दिसलं नाही की त्याच दिवशी सारथीच्या वेबसाइटवर त्या वर्षीचं परिपत्रक शोधा आणि शाळेला दाखवा, अर्ज शाळेमार्फतच जातो. कागदं जवळपास तीच, गुणपत्रक, उत्पन्नाचा दाखला, जातीचा पुरावा, नववीचा बोनाफाइड, पासबुक. म्हणूनच वर म्हटलं की कागदं आधीच करा, दोन्हीकडं कामी येतात.

बाकी प्रवर्गांच्या पोरांनी समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाच्या नववी-दहावीच्या शिष्यवृत्त्या शाळेत विचाराव्यात. ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती संस्था आहे, तिथं दहावीनंतर जेईई, नीट, सीईटीची मोफत तयारी करून घेतात, टॅबही देतात, ते दोन वर्षांनी कामी येईल. आणि कोणी क्लासवाला दहावीत एनटीएसई म्हणजे राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षेची तयारी करून देतो म्हणून फी मागत असेल तर देऊ नका, ती परीक्षा २०२१ पासून बंद आहे.

लेकराला मात्र टोचून बोलू नका. दोन मार्कांनी राहिलेलं पोरगं हुशारच असते, जागाच तेवढ्या आहेत.

पायरी सातवी: दरवर्षी रिन्यूअल

एकदा लागली म्हणजे चार वर्षं आपोआप येते असं समजून बसलेले पुष्कळ आहेत. दरवर्षी त्याच पोर्टलवर रिन्यूअल भरावं लागते, कोणी फोन करून सांगणार नाही. नववीतून दहावीत आणि अकरावीतून बारावीत पहिल्याच झटक्यात पास व्हावं लागते. दहावीत ६० टक्के पाहिजे, अनुसूचित जाती-जमातीला ५५, तरच अकरावीला चालू राहते.

अकरावीचा घोळ वेगळा आहे. सायन्स घेतलं की पोरं अकोला, अमरावती, नागपूरला क्लासच्या नादानं जातात आणि नाव कोणत्या तरी विनाअनुदानित ज्युनिअर कॉलेजात टाकलेलं असते, हजेरी तिकडं, शिकणं इकडं. तिथं शिष्यवृत्ती थांबते. कॉलेज अनुदानित आहे का हे अकरावीच्या अ‍ॅडमिशनच्या वेळी परत विचारायचं, चौथ्या पायरीत सांगितलं तसंच.

१५ वर्षांचं झालं की आधारचं बायोमेट्रिक पुन्हा अपडेट करावं लागते, दहावीच्या सुट्टीत उरकून टाका. आणि १८ पूर्ण झाले की बँकेत अल्पवयीनाचं खातं मोठ्याचं करून घ्यायचं असते, नवीन केवायसी, नवीन सही, नाहीतर बारावीचा शेवटचा हप्ता बाहेरच अडकतो.

शेवटी फोनचं. यादी लागली की फोन येणं सुरू होते, तुमच्या मुलाची शिष्यवृत्ती मंजूर झाली, प्रोसेसिंगचे पाचशे भरा, ओटीपी सांगा, लिंकवर क्लिक करा. यादी सगळ्यांना दिसते, नाव-शाळा वाचून कोणीही फोन करू शकते, म्हणून त्याला तुमच्या पोराचं नाव माहीत आहे यावरून तो खरा ठरत नाही. एनएसपीचा अर्ज फुकट आहे, मंजुरीला पैसे लागत नाहीत, बँकेचा ओटीपी कोणताच साहेब मागत नाही. कोणी फसलंच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन लावा, तास-दोन तासांच्या आत लावला तर पैसा अडवता येण्याची शक्यता जास्त असते, आणि बँकेत जाऊन खातं थांबवून ठेवा. घरी आजी फोन उचलत असेल तर तिला पण हे सांगून ठेवा.